एकोणतिसावं चित्र

गोरेगाव
जि. हिंगोली
रविवार, १५ जून २०२५

प्रिय यास्मीन,

तीन महिने चार दिवस मी तुझ्याशी एक शब्द बोललेले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ईदला तुझ्या घरी आले नाही. एप्रिलमध्ये तुझे दोन फोन आले, ते मी वाजू दिले. 'कामाच्या गडबडीत राहून गेलं' असं लिहायला घेतलं होतं, ते आत्ताच खोडलं. गडबड कसलीच नव्हती. फोन वाजत होता आणि मी तो हातात धरून बसले होते. चुकले. यापेक्षा जास्त माफी इथं मागत नाही, कारण माफी मागितली की मागणाऱ्यालाच हलकं वाटतं, आणि मला आज हलकं व्हायचं नाही.

या पत्रात तुला माहीत असलेल्याच पुष्कळ गोष्टी मी पुन्हा लिहिणार आहे, तारीख-वार आणि नावं घालून, जणू तू परकी आहेस. वाचताना तुला राग येईल. तसं का करते आहे ते शेवटी कळेल. परवा, मंगळवारी, हिंगोलीत तुझी शेवटची सुनावणी आहे. पंधरा वर्षं चालवलेली अंगणवाडी तुला परत मिळते की कायमची जाते ते त्या दिवशी ठरणार. तुझ्यावरच्या आरोपाचा कागद मी पाहिला आहे. 'पर्यवेक्षिकेला न कळवता एका कुटुंबाची बदनामी करणारा मजकूर जाहीर ठिकाणी लावला.' ती पर्यवेक्षिका म्हणजे मी.

मागच्या वर्षी राज्यभर तो उपक्रम सुरू झाला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. अंगणवाडीतल्या लेकरानं चित्र काढायचं, चित्राबद्दल ते जे बोलेल ते ताईनं त्याच्याच शब्दांत खाली लिहायचं. आपण बोललेलं कागदावर राहतं, आणि ते दुसऱ्याला वाचता येतं, एवढं लेकराला कळलं की वाचायची भूक आपोआप लागते. सोबत घरभेटी, आयांचे गट, आणि महिन्यातून एकदा पालक मेळावा. त्यात आईनं किंवा बापानं दोरीवरचं आपल्या लेकराचं चित्र शोधायचं आणि खालच्या ओळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या. प्रशिक्षणात मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लेकराचा एक शब्दही बदलायचा नाही.' तांड्यावरच्या भावसिंगच्या पोराच्या चित्राखाली 'आमची म्हैस लई पादते' असं तू लिहिलंस, आणि भावसिंगनं ते वाचून दाखवून वर म्हटलं, "पादतेच जी, त्यात काय खोटं हाय?" त्या दिवशी सगळा मेळावा हसून लोळला. परत जाताना मला वाटलं होतं, वीस वर्षांच्या नोकरीत मी आज पहिल्यांदा काहीतरी खरं केलं.

सोमवार, दहा मार्च. दुपारी सव्वातीनला तुझा फोन आला. दुसऱ्या दिवशी तुझ्या गावात मेळावा होता आणि जिल्ह्याहून मोठ्या मॅडम येणार होत्या. तू म्हणालीस, "मॅडम, आरोहीचा कागद मी दोरीवर लावत न्हाई. कपाटात ठेवते." आणि मग तू तो मला वाचून दाखवलास. 'हा माझा पप्पा. हा पप्पाचा पायप. पप्पा मम्मीला मारून राहिला. मम्मी पाणी मागून राहिली. मी टीव्ही मोठा केला.' पाच वर्षांच्या लेकराची पाच वाक्यं. तू म्हणालीस, "लेकरू खरं बोललं. पर ह्या खऱ्याची तकलीफ तिच्या आईला, पुजाला व्हईल. गुरुवारी घरभेटीला जाते, तिच्याशी एकटीशी बोलते. तवर आरोहीकडून मांजराचं चित्र काढून घेऊ का?"

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "पटावर एकोणतीस लेकरं आहेत, दोरीवर एकोणतीस चित्रं पाहिजेत. मांजर लावणं म्हणजे लेकराशी खोटं बोलणं. आणि शब्द बदलायचे नाहीत, कागद गाळायचा नाही. लाव." तू म्हणालीस, "तुमी म्हणता तर लावते. पर माझं मन घेत न्हाई."

पुढचं तुला माहीत नाही. मंगळवारी सकाळी मी आधी सोमेश्वरच्या शेतात गेले. बापांनी मेळाव्याला यावं म्हणून वरून फार जोर होता, आणि आरोहीचा बाप कधीच आलेला नव्हता. तो हळद शिजवायच्या मोठ्या कुकरजवळ वाफेत उभा होता. मला पाहून म्हणाला, "मॅडम, हळद शिजून राहिली. मरायला येळ न्हाई." मी म्हणाले, "अर्धाच तास. आरोहीनं तुमचं चित्र काढलंय." त्याचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "माझं?" म्हणाला. हात धुतले, घरी जाऊन पांढरा शर्ट घालून आला. त्या चित्राखाली काय लिहिलंय ते मला पाठ होतं, यास्मीन. मी त्याला गोड बोलून घेऊन आले.

मेळावा तुझ्यासमोर झाला. तरी लिहिते. सोमेश्वर दहावी शिकलेला, वाचायला अडत नाही. चित्र दोरीवरून काढून त्यानं खडा आवाज लावला, 'हा माझा पप्पा.' लोक हसले, तोही हसला. 'हा पप्पाचा पायप.' शेतकऱ्याच्या घरी पाईप असायचाच, कुणाला काही वाटलं नाही. 'पप्पा मम्मीला…' आणि तो थांबला. आरोहीला वाटलं पप्पाला वाचता येईना. तिनं उडी मारून वाक्य पुरं केलं, "मारून राहिला!" आणि टाळ्या वाजवल्या, कारण प्रत्येकाच्या वाचनानंतर टाळ्या वाजवायच्या असं आपणच शिकवलं होतं. तिच्या मागून सगळ्या लेकरांनी टाळ्या वाजवल्या. पुढं बसलेले म्हातारे तातेराव म्हणाले, "वाच ना लेका, पुढचं बी वाच. धाव्वी पास हायेस का कापी मारली व्हती?" पुरुषांत हशा झाला. सोमेश्वरनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि चहाही प्याला. मी खाली मान घालून वहीत 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहीत होते. मान वर केली तर बायांमध्ये बसलेली पुजा माझ्याकडं बघत होती. नवऱ्याकडं नाही, माझ्याकडं.

तू माझ्याजवळ आलीस. रोजा होता तुझा, ओठ सुकले होते. हळूच म्हणालीस, "मॅडम, पुजाला आन् लेकराला आज घरी पाठवू नका. मी माझ्या घरी नेते, उद्या बघू." मी म्हणाले, "आपण घरं फोडतो असं होईल. मोठ्या मॅडम अजून इथंच आहेत." तू दोनदा सांगितलंस आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. हेही कुठल्याच कागदावर नाही.

साडेचारच्या सुमाराला काय झालं ते मी पोलिसांच्या कागदांत वाचलं आणि नंतर पुजाच्या तोंडून ऐकलं. जो मजकूर मी लोकांसमोर वाचायला लावला त्याचा पुढचा भाग मला लिहिता आला पाहिजे. सोमेश्वर घरी आला, त्यानं पांढरा शर्ट काढून खुंटीला लावला. आरोहीला म्हणाला, "आण. तुझ्या चित्रातला पायप आण." लेकरानं आणला. स्प्रिंकलरचा पाईप, टोकाला जोड असलेला. पहिल्या तडाख्यात पुजाच्या खांद्याचं हाड मोडलं. ती खाली बसली, तर तो पाठीवर, मांड्यांवर, डोक्यावर हात ठेवला म्हणून हातांवर मारत राहिला. सासू मनकर्णाबाई दारात पाठ लावून उभी राहिली. आवाज ऐकून शेजारच्या बाया आल्या, त्यांना म्हणाली, "घरातलं हाय. आपापल्या चुली बघा." मग त्यानं खिशातला कागद काढला आणि आरोहीच्या तोंडात कोंबला. "वाच आता. गिळ आन् वाच." लेकराचे डोळे पांढरे झाले तेव्हा पुजा मोडक्या खांद्यानं उठली, त्याच्या दंडाला चावली. त्यानं पाईप उलटा धरला. जोडाची धातूची कडा तिच्या डाव्या डोळ्यावर बसली. ती न्हाणीच्या दगडावर पडली, आणि तो शेतात निघून गेला. जाताना आईला म्हणाला, "हळद करपंल."

मनकर्णाबाई दारातून बाजूला झाली तेव्हा पहिल्यांदा तू आत गेलीस, तुझ्या मागं आपली मदतनीस पेमा. आरोहीच्या तोंडातून तू बोटानं कागदाचे लगदे काढलेस. जीप तू बोलावलीस. पुजाचं डोकं मांडीवर घेऊन हिंगोली, तिथून नांदेड. रोजा तू पाण्याच्या घोटावर जीपमध्येच सोडलास असं पेमानं सांगितलं. मी त्या वेळी गोरेगावात घरी होते. मोठ्या मॅडमचा फोन आला होता, मेळावा फार छान झाला म्हणून.

आता ते लिहिते, जे तू कुणाकडूनच ऐकलेलं नसणार. बुधवारी सकाळी तू नांदेडहून परत आलीस आणि तशीच अंगणवाडी उघडलीस. पावणेदहाला मला पेमाचा फोन आला, "मॅडम, लवकर या, ताईला मारून राहिले." तुझी समजूत अशी आहे की मी गोरेगावात होते आणि मला यायला उशीर झाला. मी गोरेगावात नव्हते. तुमच्याच गावच्या फाट्यावर होते. पाच मिनिटांत पोचले. पाण्याच्या टाकीच्या भिंतीमागं स्कूटी उभी केली, आणि तिथून पुढं माझं पाऊल पडलं नाही.

मी सगळं पाहिलं. सोमेश्वरचे दोघं भाऊ, आणखी दोन माणसं, दोन बाया. तुला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. लेकरांची उंची मोजायची ती लाकडी फळी एकानं भिंतीवरून उपटली आणि तिनं तुझ्या पायांवर, कमरेवर मारलं. तू वळलीस तेव्हा तोंडावर मारलं. एक बाई ओरडत होती, "आमच्या लेकराच्या तोंडात हे हिनंच घातलं. घरं फोडायचं कामच हाय ह्या लोकायचं!" दोरीवरची उरलेली अठ्ठावीस चित्रं ओढून अंगणात जाळली. लेकरं आत कोपऱ्यात एकमेकांना धरून बसली होती. एकटी पेमा खिचडीचा झारा घेऊन बाहेर आली. तो तिनं एकाच्या मनगटावर हाणला, आणि म्हणाली, "पुढं ये मुडद्या, हा आख्खा टोप तुझ्या डोस्क्यावर वततो." ते पांगले ते तिच्यामुळं. तू मातीत बसली होतीस, ओठ फाटला होता. पेमानं तांब्या पुढं केला आणि तू मान वळवलीस, कारण रोजा होता. मी फोनवर वेळ पाहिली. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं मी भिंतीमागून पाहत होते, आणि मग स्कूटी ढकलत फाट्यापर्यंत नेली, आवाज होऊ नये म्हणून.

त्याच दिवशी दुपारी एक वाजता मी तालुक्याच्या कार्यालयात बसून अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य असं : 'सदर मजकूर लावण्याबाबत सेविकेने मला कळवले नव्हते.' कुणी मला ते लिहायला सांगितलं नाही. साहेबांनी फक्त विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?" आणि माझ्या पेननं आधी उत्तर दिलं, मग तोंडानं. पहिल्या सुनावणीत तू एवढंच म्हणालीस म्हणे, "चित्र मी लावलं. लावायला नको होतं." माझं नाव घेतलं नाहीस. ती माया होती की तुला माझी किळस आली होती, हे मी रोज स्वतःला विचारते. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला ते पेलत नाही.

मी तसं का केलं याचीही उत्तरं मी शोधली, वहीत लिहिली, खोडली. मॅडमसमोर शंभर टक्के दाखवायचं होतं, हे खरं आहे. नियम मोडायची मला भीती वाटते, माझा प्रामाणिकपणा बराचसा त्या भीतीचाच बनलेला आहे, हेही खरं आहे. पण आणखी एक आहे आणि ते मी तुलाही कधी सांगितलं नाही. तू माझ्या वडिलांना, आबांना पाहिलं आहेस. गोरेगावात अर्ध्या लोकांना त्यांनी अक्षर शिकवलं, त्यांच्या फोटोला अजून लोक येऊन हार घालतात. मी सात वर्षांची असताना त्यांना आदर्श शिक्षकाचा मान मिळाला, गावानं शाल-श्रीफळ दिलं. घरी आल्यावर चहा गार आहे एवढ्यावरून त्यांनी आईचा हात कपाटाच्या फटीत धरून दार लावलं. दोन बोटं मोडली. ती शेवटपर्यंत वाकडी राहिली, लोक विचारायचे तर आई म्हणायची जात्यात गेली. मी तेव्हा ओट्यावर बसून पाढे म्हणत होते. ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून आवाज चढवून म्हणत होते. एकोणतिसाचा पाढा मला आजही झोपेत येतो.

तू फोनवर 'मी टीव्ही मोठा केला' हे वाचलंस तेव्हा मला वाईट वाटलं नाही, यास्मीन. मला आनंद झाला. शेवटी एक लेकरू बोललं, आता एक पुरुष गावासमोर उभा राहील आणि आपल्याच तोंडानं ते वाचेल. शेतात सोमेश्वरला बोलवायला गेले तेव्हा वाफेत मला सोमेश्वर दिसतच नव्हता. आबांना त्या शालीतच उभं करून वाचायला लावावं, असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. ते मी करून घेतलं. आणि त्याची भरपाई पुजाच्या डोळ्यानं झाली, तुझ्या अंगानं झाली. माझ्या अंगावर एक ओरखडाही नाही.

गेल्या रविवारी मी कुरुंद्याला गेले होते. पुजा माहेरी आहे, आरोही तिच्याजवळ. खांदा सांधला, दगडावर आपटलेला जबडाही बरा आहे. डोळा गेला. मी माफी मागायला लागले तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, "मॅडम, तुमी ते लावलं नसतं तरी बी त्यानं मारलंच असतं. पर त्या दिसी नसतं मारलं. आन् असं नसतं मारलं." इतकं बरोबर बोलणं मी कुठल्या चौकशीत ऐकलं नाही. मग तिनं विचारलं, "ताईला काहून काढलं? ताईनं तर मला वाचवलं." आरोही मला ओळखून जवळ आली. ती खूप बोलते, आधीपेक्षाही जास्त. आजोबांच्या बैलाबद्दल, विहिरीतल्या कासवाबद्दल. पण प्रत्येक गोष्ट सांगायच्या आधी माझ्या दोन्ही हातांकडं बघायची आणि विचारायची, "लिवणार न्हाई ना?" मी हात उलटे करून दाखवले, रिकामे आहेत म्हणून. मग सांगायची. तिला मी शिकवलेलं वाचन हे आहे.

सोमेश्वर जामिनावर आहे, पेरणीला लागला आहे. परवा रस्त्यात भेटला, गाडी थांबवून म्हणाला, "नमस्कार मॅडम, पोरीचं नाव पटावर राहू द्या, आणून सोडतो लौकरच." मी नमस्कार केला. म्हणजे माझे हात जोडलेच गेले. पुजाच्या वडिलांना मी त्याच दिवशी फोन करून हे सांगितलं, आणि पोलिसांनाही लिहून दिलं. तेवढं एक काम तीन महिन्यांत धड केलं. पण मनकर्णाबाईचा जबाब अजून तोच आहे, अंगणवाडीच्या बाईनं लेकराला पढवलं म्हणून. तुझ्या सुनावणीत तो जबाब आणि माझं ते एक वाक्य शेजारी-शेजारी ठेवलेली असतील. गावातली चार माणसं काय म्हणतात याला किंमत नाही, पण पर्यवेक्षिकेच्या लेखी वाक्याला आहे. तुला घरी बसवायला तेवढं एक पुरेसं आहे.

म्हणून हे पत्र. मंगळवारी मी स्वतः हिंगोलीला येणार आहे आणि माझा अहवाल खोटा होता हे तोंडी सांगणार आहे. पण मला माझी खात्री नाही. टाकीच्या भिंतीमागं मी स्वतःला पाहिलं आहे. साहेब समोर बसतील, पाणी देतील, 'मॅडम, नीट विचार करा, तुमची पेन्शन, तुमची इज्जत' म्हणतील, आणि माझं तोंड पुन्हा कुणाच्या तरी सोयीचं बोलेल, असं होऊ शकतं. तसं झालं तर तुझ्या हातात हे असू दे. तू वकील केलेला नाहीस, मला ठाऊक आहे. तुला काहीच बोलायची गरज पडू नये, नुसता कागद पुढं करता यावा, म्हणून तुला माहीत असलेलंही सगळं तारीख-वेळेसकट लिहिलं. अक्षर माझं आहे, प्रत्येक पानावर सही आहे. सोबत माझ्या रोजच्या वहीचं दहा मार्चचं पान फाडून जोडलं आहे. त्यावर त्याच दिवशी लिहिलेलं आहे, 'यास्मीन आरोहीचं चित्र लावू नये म्हणत होती. लावायला सांगितलं.' हे पान जाळायला मी दोनदा चुलीपर्यंत गेले होते, हेही तुला सांगून ठेवते. माझ्यावर दया करून हे पत्र तू ट्रंकेत ठेवून देशील, अशी मला भीती आहे. ठेवू नकोस. त्यांच्यासमोर ठेव, आणि शक्य झालं तर मोठ्यानं वाच. मी तिथं असेन, ऐकून घेईन. नंतर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच,
पुनम

उद्या : सकाळच्या पहिल्या जीपनं हिंगोली, तिथून औंढ्यावरून शिरड शहापूर; तू सध्या राहतेस त्या तुझ्या माहेरी येऊन हे पत्र तुझ्याच हातात देणं.